थोरल्या भेगेवरची काच

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले तपासणी अभियंता साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आमचे मिस्त्रीकाका, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या काकू, माझे सगळे सहकारी, शेवटच्या रांगेत बसलेले माझे बाबा, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवून उभीच राहिलेली माझी आई. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सुरुवातीलाच या उन्हाबद्दल क्षमा मागते. निमंत्रणावर ‘स्थळ : वरचा दिवाणखाना’ असं छापलं होतं आणि आपण बसला आहात दारापुढच्या खडीवर, डोळ्यांवर हात धरून. सकाळी साडेनऊला खुर्च्या बाहेर आणायला मीच सांगितलं. अध्यक्ष साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, “फरशी ओली आहे.” फरशी ओली नाही. ठणठणीत कोरडी आहे. खरं कारण सांगायला मला थोडा वेळ लागेल आणि बरंच धैर्य लागेल. वेळ आपण द्यावा. धैर्याचं मी बघते.

मागून कोण म्हणालं, “मोठ्यानं बोल”? बोलते, माळीकाका.

आज मिस्त्रीकाका निवृत्त होताहेत. लोक तिकीट काढून पाहायला येतात त्या या मोठ्या घराची त्यांनी चौतीस वर्षं डागडुजी केली. निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात, पण काकांचे गुण सांगायचे तर आधी या घराचे अवगुण सांगावे लागतील. आपण समोरच बसला आहात, तेव्हा जरा वर पाहावं. या दर्शनी भिंतीला किती खिडक्या आहेत? चव्वेचाळीस. त्यांतल्या सहा खोट्या आहेत. मागे खोली नाही, जाळी नाही, काही नाही; भिंतीवर चौकट कोरली, आत काळा रंग दिला, की झाली खिडकी. डावी बाजू उजवीसारखी दिसावी म्हणून. शाळेची मुलं येतात तेव्हा मी त्यांना खोट्या खिडक्या ओळखायला सांगते. आजवर एकाही वर्गाला सहाच्या सहा सापडल्या नाहीत. सांगायचं एवढंच, की या घराला पहिल्यापासून दिसण्याची हौस फार.

लाकडाच्या एका व्यापाऱ्याने हे घर बांधायला घेतलं. गावापासून दूर, टेकडीवर, जेणेकरून खालच्या रस्त्याने जाणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी. खालचा मजला दगडाचा, वरचा विटांचा आणि चुन्याचा. आतला दगडी जिना तर बघणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी. खाली खांब नाही, तुळई नाही. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकते, तिच्यावर वरची टेकते, आणि असा तो जिना बावन्न पायऱ्या चढून दिवाणखान्याच्या दाराशी जातो. वर जायला आणि खाली यायला तोच एक रस्ता. हे आपण लक्षात ठेवावं.

आणि मग तो दिवाणखाना. साठ फूट लांब, तीस फूट रुंद. मूळ नकाशात त्यात चार खांब होते. नकाशा आमच्या कपाटात आहे, मी पाहिला आहे. मालकाने खांब खोडले. पाहुण्यांना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग दिसलं पाहिजे, अशी त्याची इच्छा. घर बांधणाऱ्या गवंड्याने त्याला लिहून कळवलं, “खांब काढायचे असतील तर आधी मला काढा.” मालकाने त्याला काढलं. दुसरा गवंडी आला. त्याने वरच्या छपराच्या तुळयांना लोखंडी पट्ट्या बांधल्या आणि त्या पट्ट्यांना सगळं छत टांगलं. म्हणजे दिवाणखान्याचं छत भिंतींवर टेकलेलं नाही. लटकतंय. शिवाय त्याला चुन्याची फळं, वेली, मधोमध घागरीएवढ्या द्राक्षांच्या घोसांचं वर्तुळ. मी लहान असताना काकांना विचारलं होतं, हे सगळं मिळून किती वजन असेल? काका म्हणाले, “डोक्यावर आठ म्हशी टांगल्यात असं समज, आणि त्या झोपेत आहेत असं समज.”

तेव्हापासून मी दिवाणखान्यात मधून कधी चालले नाही. भिंतीला धरून चालते.

मी लहान असताना इथे कशी, असा प्रश्न काही पाहुण्यांना पडला असेल. माझी आई या घराच्या फरश्या पुसायची. अजूनही पुसते. शाळा सुटली की मी इथे येऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अभ्यास करायची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी काकांनी मला ‘पदवीबाई’ असं नाव ठेवलं आणि आजतागायत बदललं नाही. “पदवीबाई, ती शिडी धरा.” “पदवीबाई, पुस्तकात चुना भिजवायला किती दिवस सांगितलेत? तीन? मग तुमचं पुस्तक घाईत आहे.”

काकांचं स्वतःचं नाव इथे कुणाच्या तोंडी नाही. सगळे त्यांना ‘जपून’ म्हणतात. “आला जपून.” “जपूनला विचारलंस का?” कारण चौतीस वर्षं प्रत्येक माणसाला ते हेच सांगत आले. खुर्ची सरकवणाऱ्याला, खिडकी उघडणाऱ्याला, जिना उतरणाऱ्या मंत्र्यालासुद्धा. काहींनी हे नाव प्रेमाने घेतलं. काहींनी टिंगलीने. मागच्या सात महिन्यांत ते बहुतेक टिंगलीनेच घेतलं गेलं. ते का, तेच सांगायला मी उभी आहे.

या घराच्या भिंतींना आणि छतांना मिळून अकरा भेगा आहेत. काकांनी त्यांना नावं दिली आहेत. एक लाजरी, ती पावसाळ्यात मिटते. एक वाकडी. एक चुगलखोर, तिच्यातून शेजारच्या खोलीतलं ऐकू येतं. आणि दिवाणखान्याच्या छतावरची, दाराच्या कोपऱ्यापासून द्राक्षांच्या वर्तुळाकडे गेलेली, ती थोरली. प्रत्येक भेगेवर काका काचेची एक पट्टी आडवी बसवतात. बोटभर रुंद, वीतभर लांब. दोन्ही टोकं चुन्यात घट्ट रोवलेली, आणि काचेवर ती बसवल्याची तारीख. भेग हलली नाही तर काच तशीच राहते. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तुटते. एवढंच यंत्र. तुटलेली काच काका टाकत नाहीत. पाकिटात घालून त्यावर तारीख लिहितात आणि भेगेवर नवी बसवतात, नव्या तारखेची.

दुसरं यंत्र म्हणजे माझी आई. थोरलीच्या खाली सकाळी जी चुन्याची भुकटी सांडते, ती केराच्या सुपात जात नाही. आई ती काडेपेटीत भरून काकांना देते. “मिस्त्रीदादा, आज चिमूटभर.” “मिस्त्रीदादा, आज काहीच नाही.” काका डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, “ताई, काहीच नाही हे सगळ्यात चांगलं जेवण.” अकरा वर्षं असं चाललं. थोरलीवरची काच अकरा वर्षं शाबूत होती.

दोन वर्षांपूर्वी मला इथे नोंद सहायक म्हणून घेतलं, तेही आधी तात्पुरतं. घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देणं, वर्णन लिहिणं, फोटो काढवून घेणं हे माझं काम. मी ते फार मन लावून केलं. एखाद्या वस्तूवरचा जुना क्रमांक पुसट झाला असेल तर तोच क्रमांक जसाच्या तसा नव्याने लिहायचा, स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, हा नियम मला शिकवला होता आणि मला तो फार आवडायचा. त्यात प्रामाणिकपणा आहे असं वाटायचं.

आठ महिन्यांपूर्वी काका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे रजेवर गेले. त्याच दिवसांत मंडळाने माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. छायाचित्रकार आले. छताच्या जवळून फोटो हवे म्हणून उंच शिडी लावली. शिडी कोपऱ्यात टेकवत होते तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला. बारीक, नख मोडल्यासारखा. वर पाहिलं तर थोरलीवरची काच दुभंगलेली.

छायाचित्रकार म्हणाले, “माझी शिडी नाही हो लागली.”

मी म्हटलं, “लागलीच असणार.”

“अहो, काचेपासून हातभर लांब आहे शिडी.”

“मग हादरा बसला असेल.”

ते म्हणाले, “बरं, लागली. पण ते तुटकं काढा आधी, फोटोत घाण दिसतंय.”

शिडी लागली असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी शिडीवर चढले, तुटकी काच काढली, केराच्या टोपलीत टाकली. अंगठा कापला. काकांच्या खोलीतून काचेचा तुकडा आणला, त्यांना करताना शंभरदा पाहिलं होतं तसा चुना लावून बसवला. आणि मग, माझ्या नियमाप्रमाणे, जुन्या काचेवर जी तारीख होती तीच अक्षरशः नव्या काचेवर लिहिली.

समोर बसलेल्यांपैकी ज्यांना कळलं त्यांचे चेहरे मला दिसताहेत. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मी त्या दिवशीच्या काचेवर अकरा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. म्हणजे त्या काचेकडे पाहणारा प्रत्येक माणूस म्हणणार, अकरा वर्षं झाली, ही भेग हललेली नाही. मी या घराला सातवी खोटी खिडकी बसवली.

अध्यक्ष साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. “आवरते घ्यावे.” साहेब, मी आयुष्यात आपली एकही सूचना मोडलेली नाही. ही एक मोडते.

काका रजेवरून परतले त्या दिवशी दिवाणखान्यात शाळेचा गाण्याचा कार्यक्रम होता. नव्वद मुलं, तेवढेच पालक. मुलं खाली रांगेत उभी, जिना चढायच्या बेतात. काका आत आले, डोळ्यांवर काळा चष्मा. आईने त्यांना साठवून ठेवलेली काडेपेटी दिली. तीन आठवड्यांची भुकटी, आणि सोबत कागदात गुंडाळून, टोपलीतून तिने वेचून ठेवलेले काचेचे दोन तुकडे. तिला वाटलं, छतावरून पडलेलं सगळंच द्यायचं असतं. काकांनी तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. मग जिना चढून वर गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, जिथे मी अभ्यास करायची तिथे, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“वर कुणी जायचं नाही.”

पालक हसले. कुणीतरी म्हणालं, “मिस्त्री, डोळ्याचं औषध डोक्यात गेलं का?” अध्यक्ष साहेब, आपणही तिथे होतात. आपण म्हणालात, “काय पडणार आहे? दाखवा तरी.” काका म्हणाले, “पडल्यावर दाखवून उपयोग नाही साहेब.” आणि ते हलले नाहीत. अर्ध्या तासाने मुलांनी याच खडीवर, अशाच उन्हात गाणी म्हटली. छत पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही पडलं नाही. मग काय, ‘जपून’ हे नाव गावभर झालं. बाजारात लोक भाजीवाल्याला सांगायचे, जपून ठेवा हो, टोमॅटो कोसळतील.

त्याच दुपारी काकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. रागावले नाहीत. आधी विचारलं, “अंगठा बरा आहे का?” मग ते दोन तुकडे पुढ्यात ठेवले. “पदवीबाई, धक्क्याने तुटलेली काच कशी तुटते? चांदणीसारखी, एका ठिपक्यातून फुटते. ही बघ.” ती सरळ तुटली होती. रेघ ओढल्यासारखी. “ही ओढून तुटलीय. दोन्हीकडून कुणीतरी ओढली. ती शिडी नव्हती पोरी. ते घर होतं.”

मी त्या छताखाली दोनशे माणसं बसवायला निघाले होते.

दोन दिवसांनी अभियंता साहेब तपासणीला आले. साहेब, आपल्याला आठवत असेल. आपण शिडीवर चढून काच पाहिलीत, तारीख मोठ्याने वाचलीत आणि खाली वळून मला विचारलंत, “ही मूळ काच ना?” काका माझ्या बाजूला उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. मी मान डोलावली. तोंडाने काही बोलले नाही. पण होकारासाठी मान पुरते. आपल्या अहवालात वाक्य आहे, “अकरा वर्षांत काच अभंग, भेग स्थिर.” ते वाक्य आपलं नाही साहेब. ते माझ्या मानेचं आहे.

का डोलावली? त्या आठवड्यात माझ्या कायम नेमणुकीचा कागद निघणार होता. तो निघाला. वडिलांनी तो काचेच्या चौकटीत बसवून दारासमोर लावला आहे. रोज घरातून निघताना मला आधी ती काच दिसते आणि मग इथली. या सात महिन्यांत मला दोन भीती होत्या. एक, छत पडेल. दुसरी, लोकांना कळेल. आणि लाज वाटते सांगायला, पुष्कळ दिवस दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती.

काका गप्प का राहिले? हे मी त्यांना काल विचारलं. म्हणाले, “किल्ली माझ्या कमरेला होती ना. तोवर घाई नव्हती.” सात महिने त्यांनी दिवाणखाना बंद ठेवला. कधी पॉलिश चालू आहे म्हणून, कधी वाळवीचं औषध मारलंय म्हणून, आणि एकदा किल्ली हरवली म्हणून, जी त्या वेळी त्यांच्या कमरेला वाजत होती. माझ्या काचेच्या शेजारी त्यांनी स्वतःची एक काच बसवली, खऱ्या तारखेची. मंडळात त्यावर विनोद झाला, म्हाताऱ्याला काचेचं दुकान काढायचंय. आजचा कार्यक्रम खाली करा असं त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं, “मिस्त्री, जाताना तरी भीती सोडा.”

काका, आज आपला गौरवाचा दिवस आहे, तरी हे बोलते. आपण तेव्हाच बोलायला हवं होतं. आपण मला सांभाळलंत आणि त्यापायी चौतीस वर्षांचा मान खडीवर सांडलात. मला तो सांभाळ नको होता. म्हणजे, तेव्हा हवा होता. आज नको आहे.

काल दुपारी त्यांनी दिवाणखान्याची किल्ली माझ्या हातात दिली. रविवारी दिवाणखाना लोकांसाठी पुन्हा खुला होणार आहे, पुन्हा तीच नव्वद मुलं गाणार आहेत, आणि आता तिथल्या सुरक्षेच्या कागदावर काकांच्या जागी माझी सही लागणार आहे. मी विचारलं, “काका, आता काय करू?” ते म्हणाले, “मी काही सांगणार नाही. काच तुझी आहे.”

आता आज सकाळचं.

नऊ वाजता मी, जिन्याच्या माथ्याशी रचून ठेवलेल्या खुर्च्या आत मांडायच्या म्हणून, दिवाणखाना उघडला. त्या वेळी पूर्वेच्या खिडक्यांतलं ऊन फरशीवरून उसळून छताच्या त्या कोपऱ्यावर पडतं. काकांची काच दोन तुकडे होऊन दोन्ही टोकांना चिकटून होती आणि मधून भेग उघडी दिसत होती. सरळ रेघ. आणि तिच्या शेजारी माझी काच. अखंड. स्वच्छ. अकरा वर्षांच्या तारखेसह. मला क्षणभर कळेना, एकाच भेगेवर एक तुटते आणि दुसरी कशी तुटत नाही? मग नीट पाहिलं. काका आधी रंग खरवडून, चुना उघडा करून त्यात काच रोवतात. मी ती रंगावरच चिकटवली होती. तिचं एक टोक केव्हाच सुटलं होतं. ती नुसती लटकत होती. छत कितीही फाटलं असतं तरी ती काच कधीच तुटली नसती. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, असं सांगत ती खालच्या माणसांच्या डोक्यावर छतासकट आली असती.

मी दिवाणखान्याच्या मध्यावर उभी होते. भिंतीला धरून चालायचं विसरले होते. तिथून दारापर्यंत बावीस पावलं होतात. मी ती मोजली, कारण मोजल्याशिवाय पाय उचलेनात. अकराव्या पावलाला पाठीमागे काहीतरी पडलं. मोठं नाही. एखादा दगड पडल्यासारखं. मी वळले नाही. बाविसावं पाऊल टाकून दार ओढलं आणि कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

पण आई तोवर आत जाऊन आली होती. शेजारच्या खोलीतून दिवाणखान्यात उघडणाऱ्या मागच्या छोट्या दाराने. मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, “ओरडतेस काय? पडलेलं उचलायचं नाही का? मिस्त्रीदादांचा आज शेवटचा दिवस.” तिने रिकामी काडेपेटी माझ्या हातात दिली. या वेळी जे पडलं ते तिच्यात मावेना, म्हणून आईने पदरात बांधून आणलं होतं.

ते मी अध्यक्ष साहेबांच्या समोर मेजावर ठेवते. हे चुन्याचं द्राक्ष आहे, मधल्या घोसातलं. खालून बोराएवढं दिसतं, हातात घेतलं की मुठीएवढं आहे. चौतीस वर्षं वरून भुकटी पडत होती. आज पहिल्यांदा फळ पडलं.

आता मी थोडक्यात तीन गोष्टी सांगते आणि खाली बसते.

मुख्याध्यापिका बाई, रविवारी मुलांना पाठवू नका. मला ठाऊक आहे, त्यांची तयारी झाली आहे, नवे कपडे शिवलेत. तरीही नको. बाई होकाराने मान डोलावताहेत. धन्यवाद, बाई. आपण किती सहज मान डोलावलीत, आणि मला एक मान सरळ करायला सात महिने लागले.

अध्यक्ष साहेब, त्या सुरक्षेच्या कागदावर मी सही करणार नाही. अभियंता साहेबांनी पुन्हा यावं, छताला खालून टेकू लागावेत, आणि तोवर दिवाणखाना बंद राहावा, अशी माझी लेखी विनंती आज दुपारी आपल्या मेजावर असेल. त्याच पाकिटात खोट्या तारखेची कबुली असेल आणि माझ्या नेमणुकीचा कागदही असेल. तो ठेवायचा की परत करायचा, हे मंडळाने ठरवावं. बाबा, चौकटीतून मी तो सकाळीच काढला. घरी गेल्यावर रिकामी चौकट पाहून घाबरू नका.

आणि तिसरी गोष्ट. मंडळाने काकांना भेट म्हणून दिवाणखान्याच्या छताचा मोठा फोटो मढवून आणला आहे, तो तिथे कापडाखाली आहे. फोटो सुंदर आहे. पण त्याच्या वरच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, माझी काच दिसते. ज्या माणसाने चौतीस वर्षं या घराला एकदाही खोटं बोलू दिलं नाही, त्याच्या घरात ती टांगू नये. त्याऐवजी, काकांची हरकत नसेल तर, मी त्यांना त्यांच्याच अकरा वर्षं टिकलेल्या काचेचे दोन तुकडे परत देते. ज्या पाकिटात ते आहेत त्यावर तारीख लिहायची राहिली होती. ती मी आज लिहिली. तुटल्याची, खरी तारीख.

अभियंता साहेबांनी द्राक्ष उचललं आहे आणि उलटं करून ते त्याच्या मागचा चुना नखाने खरवडून बघताहेत. साहेब, हवं तर किल्ली देते. पण मधून चालू नका. भिंतीला धरून चाला.

काका, आपल्याला लोकांनी भित्रा म्हटलं. मी इतिहास शिकले. मोठ्या माणसांच्या धाडसाच्या कथा पाठ केल्या. या घराच्या मालकाचंही त्यात कौतुक आहे, त्याने खांब काढले म्हणून. ज्याने नको म्हटलं त्या पहिल्या गवंड्याचा उल्लेख कुठल्याही पुस्तिकेत नाही, आणि ती पुस्तिका मीच लिहिली. पुढच्या आवृत्तीत असेल. मी इथे असेन की नाही माहीत नाही, पण मजकूर लिहून ठेवला आहे. भीती कशी बाळगायची, तिच्यावर तारीख कशी घालायची, रोज सकाळी उठून तिच्याकडे कसं पाहायचं, हे मला आपण शिकवलंत. मी उशिरा शिकले.

आपण सर्वांनी एवढ्या उन्हात माझं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. माळीकाका, पहारेकरी दादा आणि तिकीटखिडकीवरच्या ताईंनी दीडशे खुर्च्या बावन्न पायऱ्या उतरवल्या, कारण न विचारता, त्यांचेही आभार. वक्त्याने शेवटी चुकांबद्दल माफी मागायची असते. बोलताना एखादा शब्द कमीजास्त झाला असेल तर तो आपण पोटात घालालच. पण माझी चूक शब्दाची नाही, आणि ती कुणी पोटात घालू नये. उघड्यावर ठेवावी, जशी काका काच ठेवतात, सगळ्यांना दिसेल अशी.

चहाची व्यवस्था मागच्या व्हरांड्यात होती. तो व्हरांडा दिवाणखान्याच्या बरोबर खाली आहे, म्हणून चहा तिकडे त्या झाडाखाली हलवला आहे. सर्वांनी घराच्या भिंतीपासून लांबून, डाव्या हाताने यावं. घाई नाही.

जपून.